एचपीव्ही लसीकरणाचे मॉडेल: फक्त मुलींना लस दिल्यास कमी डोस कसे पुरतात?

प्रश्न:
एचपीव्ही या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूच्या प्रसाराचे एक साधे मॉडेल मी मांडते आहे. त्यात स्त्रिया आणि पुरुष असे समान संख्येचे दोन गट असून, एका गटातील बाधित व्यक्तीकडून दुसऱ्या गटातील सरासरी २ जणांना संसर्ग होतो. लस पूर्ण परिणामकारक मानली, तर केवळ ७५ टक्के मुलींना लस देऊन प्रसार थांबतो. दोन्ही गटांना द्यायची झाल्यास मात्र प्रत्येकी ५० टक्के, म्हणजे एकूण जास्त डोस लागतात. माझे कुठे चुकते आहे का?

उत्तर १:
गणित बरोबर आहे. साखळी स्त्री-पुरुष-स्त्री अशी चालत असल्याने पूर्ण फेरीचा गुणक (एका बाधित स्त्रीमुळे पुढच्या फेरीत बाधित होणाऱ्या स्त्रियांची सरासरी संख्या) २ × २ = ४ येतो, आणि तो १ वर आणायला एकाच टप्प्यावर तीन चतुर्थांश संसर्ग अडवणे पुरते. दोन्हीकडे लस दिली की काही साखळ्या दोनदा अडवल्या जातात आणि तेवढे डोस वाया जातात. मात्र मुलींमधील प्रमाण ६० टक्क्यांवरच अडकले, तर गुणक ४ × ०.४ = १.६ राहतो आणि मग ३७.५ टक्के मुलांना लस द्यावीच लागते.

उत्तर २:
माझा आक्षेप गृहीतकांवर आहे. समजा ९५ टक्के लोकांना १ जोडीदार आणि ५ टक्के लोकांना २१ जोडीदार आहेत. सरासरी २ च येते. परंतु जोडीदार यादृच्छिकपणे जुळतात असे धरले, तर प्रसाराचा वेग जोडीदारांच्या संख्येच्या वर्गांची सरासरी भागिले साधी सरासरी, म्हणजे ११.५, यावर ठरतो. शिवाय पुरुषांचे पुरुषांशी असलेले संबंध तुमच्या मॉडेलमध्ये नाहीतच, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये मुलींचे लसीकरण सुरू झाल्यावर लस न घेतलेल्या तरुण विषमलिंगी पुरुषांमध्येही जननेंद्रियांवरील चामखिळी कमी झाल्या. समलिंगी पुरुषांमध्ये तशी घट दिसली नाही. तेथे मुलांचा समावेश २०१३ मध्ये झाला.

उत्तर ३:
वयोगटही वेगळे करा. ही लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, त्यामुळे लैंगिक आयुष्य सुरू होण्यापूर्वी दिलेला डोस आणि नंतरचा डोस मॉडेलमध्ये एकाच मापाने मोजता येणार नाही.

प्रश्नकर्ती:
गट वाढवून मॉडेल पुन्हा चालवते. जास्त जोडीदार असलेले लोक आपसांतच किती मिसळतात, हे कसे धरावे?

उत्तर २:
आधी पूर्ण यादृच्छिक मिसळण धरा, मग बहुतांश संबंध गटांतर्गत आहेत असे धरा. दोन्ही टोकांना लसीकरणाचे आवश्यक प्रमाण किती बदलते, ते येथे कळवा.