अनुभव धागा: चळवळीत आयुष्य गेलं, आता उमेद कुठून आणता?

लालदिव्याची_अक्का
परवा १२ जानेवारीला सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालून खाली उतरले, तर कॉलेजातली एक पोरगी विचारते, "आजी, एवढी वर्षं घोषणा देताय, झालं काय?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रिक्षा मिळेना, चालत घरी येईपर्यंत डोक्यात आणीबाणीच. सायक्लोस्टाइलची पत्रकं काढायचो, बोटांची शाई आई रॉकेलनं पुसायची. ओरडायची पण. तेव्हा सगळे म्हणायचे, हे आता कायमचंच. मार्च १९७७ ला उठली. आम्ही उठवली असं नाही म्हणणार, पण "कायमचंच" म्हणणारे तोंडावर पडले.
आत्ता जड जातं ते वेगळ्या कारणानं. तेव्हा शेजारी घाबरून गप्प होते, आता शेजारीच म्हणतात "बरं झालं". तुम्ही काय करता? उपदेश नको, अनुभव लिहा.

पूर्वभागवाली
छाट! एवढं लिहिलं तरी आमच्याकडच्या बायकांना कळेल. हजार विड्या वळायच्या, तपासणारा मूठभर बाजूला काढणार, पैसे कापणार, विड्या मात्र ठेवून घेणार. आई मोर्चाला गेली की सूप माझ्या मांडीवर. कुंभारीत विडी कामगारांना घरं मिळावीत म्हणून व्हायच्या त्या सभांना जायला लागली तेव्हा बाबा हसायचे, माळावर कोण घर बांधून देतंय तुला! २००६ ला दहा हजार घरं झाली. त्यातल्याच एकातून लिहितेय. थांबा, कुकर झाला

मागचा_बाक
कुंभारीचंच रे नगर विसरू नका की. कामगारांसाठी ३० हजार घरांची योजना, जानेवारी २०२४ ला पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या. रेटली लाल बावट्यानं, चाव्या द्यायला मोदी. तुमच्या वेळी मनमोहन सिंग. सरकारं बदलली, अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या बायका त्याच.

टॉवेलवाला
लूमवर आहे, आवाजात काय सुचत नाही. उमेद-बिमेद माहीत नाही, पगार झाला की वर्गणी देतो बस

विवेकी_पण_दमलेला
दाभोलकरांचा खून २०१३. निकाल मे २०२४. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. त्या दिवशी मित्राला फोन केला, दोघं फोनवर नुसते गप्प. आनंद म्हणावं की काय म्हणावं? आता शाळेत चमत्कारांचे प्रयोग करून दाखवतो. मुलं तोंडात जळता कापूर घ्यायला माझ्याआधी तयार असतात. (घरी करू नका रे)

नाव_नको
मी सोडलं. २९ कामगार कायदे गुंडाळून ४ श्रमसंहिता आणल्या, आमच्या निषेध सभेला खुर्च्या जास्त नि माणसं कमी. रविवारी आता झोपतो. अपराधी वगैरे वाटत नाही.

लालदिव्याची_अक्का
@नाव_नको झोपा हो, खुशाल झोपा. मी पण मधली काही वर्षं लोणची घातली नुसती.

पूर्वभागवाली
अक्का लोणच्याची रेसिपी 😀

गल्ली_नं_चार
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज विष. उत्तरं देऊन देऊन बायको वैतागली माझी. मग एकदा त्या चार हुतात्म्यांची नावंच टाकली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. खाली एकच ओळ, "१९३१, येरवडा, एकाच दिवशी फाशी." दोन दिवस ग्रुप शांत. तिसऱ्या दिवशी परत सुरू, ते सोडा. पण वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात थांबवून सोलापूरच्या मार्शल लॉचं (इंग्रजांच्या लष्करी कायद्याचं) विचारलं. त्यांचा जन्म सोलापूरचा, आणि १९३० च्या मे महिन्यात इथं इंग्रजांची सत्ता काही दिवस हललेली, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! आता दर आठवड्याला काहीतरी विचारतात. मत कुणाला देतात ते मी विचारत नाही.

मागचा_बाक
हे भारी. जिन्यातली शाखा 😂

गल्ली_नं_चार
शाखा म्हणू नका ओ, गैरसमज होईल

टॉवेलवाला
सुट्टी झाली. अक्का, त्या पोरीला काय उत्तर दिलंत ते सांगितलंच नाही की

लालदिव्याची_अक्का
काही नाही सुचलं. तिचा नंबर घेतलाय. शनिवारी विडी कामगारांच्या मुलांचा अभ्यासवर्ग असतो, गणिताला कुणी नाही. येते म्हणाली, बघू.

पूर्वभागवाली
आमच्याकडे नळ आलाय, पळते. गणिताला माझा पोरगा पण पाठवू का? सातवीत आहे

लालदिव्याची_अक्का
शिकवायला की शिकायला? पाठव. पाटी-वही घेऊन चारला.