नालोक्सोनमुळे नशा वाढते का?

नालोक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेचा ओव्हरडोस उतरवणारं औषध, हाताशी असलं की लोक आणखी बिनधास्त नशा करतील, असं काही जण म्हणतात. ते औषध नेमकं काय करतं ते बघा. हेरॉइन किंवा फेंटानिल (हेरॉइनसारखंच, पण त्याहून तीव्र) मेंदूतल्या ज्या जागांना चिकटून श्वास मंदावतं, तिथून नालोक्सोन त्याला हुसकावून लावतं. नेहमी नशा करणारा माणूस शुद्धीवर येतो तो घाम, उलट्या, अंगदुखी घेऊनच. त्या भरवशावर कोणी मजेत जास्त डोस घेईल, हे मला तरी पटत नाही.

शिवाय त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटं टिकतो. अंगातला अमली पदार्थ त्याहून जास्त वेळ राहिला तर श्वास पुन्हा थांबू शकतो, म्हणून रुग्णवाहिका बोलवावीच लागते. आणि बेशुद्ध माणूस स्वतःच्या नाकात नालोक्सोनचा फवारा मारू शकत नाही, हे चर्चेत कुणीच धरत नाही! कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २००३ साली 'इनसाइट' हे देखरेखीखाली नशा करू देणारं केंद्र सुरू झालं. तिथे शेजारी प्रशिक्षित माणूस असतो, एवढीच गोष्ट. पण तेवढ्यावर हजारो ओव्हरडोस सावरले गेले.

"लाड कसले करता, व्यसन सोडवा" या मताबद्दल: तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे फार धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते, हात मात्र जुनाच डोस घेतो. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे या व्यसनावर उपचार म्हणून दिलं जाणारं औषध, चालू असेल तर मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो. सोडवायचंच असेल तर सुटकेच्या दिवशी हे औषध बंद करणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे.