मदत हवी आहे : स्पेनमधील बाएझा या लहान गावी सहकुटुंब स्थलांतर – घर, शाळा, दवाखाना आणि गाडी

नमस्कार.

आम्ही पुण्याचे. मी, माझे यजमान आणि सहावीत शिकणारा आमचा मुलगा असे तिघे पुढच्या वर्षी स्पेनला वास्तव्यास जाण्याची तयारी करीत आहोत. यजमानांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली असून घरभाडे, व्याज आणि गुंतवणुकीचे उत्पन्न यांवर आमचा संसार चालतो. त्यामुळे नोकरी-व्यवसाय न करता राहण्याचा जो परवाना स्पेन देते, त्यासाठी मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीकडे अर्ज करण्याचे आम्ही ठरवले आहे. गाव निवडले आहे बाएझा. दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रदेशातील हाएन प्रांतातले हे गाव साधारण सोळा हजार वस्तीचे असून चहूबाजूंनी ऑलिव्हच्या बागांनी वेढलेले आहे.

समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत इंग्रजीवर निभावते आणि मग मुले वर्षानुवर्षे राहूनही स्पॅनिश शिकत नाहीत, असे अनेकांकडून ऐकले, म्हणून आम्ही मुद्दाम आतल्या भागातले गाव पाहिले. बाएझा आणि शेजारचे उबेदा या दोन गावांना 2003 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. कवी आंतोनियो माचादो 1912 ते 1919 या काळात बाएझाच्या ज्या जुन्या विद्यापीठाच्या इमारतीत फ्रेंच शिकवीत असत, तेथे आजही माध्यमिक शाळा भरते. आपला मुलगा त्या शाळेत जाईल या कल्पनेनेच यजमान हरखून गेले आहेत, हे मोकळेपणाने सांगते.

कागदपत्रांची बरीच माहिती आम्ही मिळवली आहे. 'इप्रेम' नावाचा जो सरकारी निर्देशांक आहे तो 2025 मध्ये दरमहा 600 युरो होता. मुख्य अर्जदारासाठी त्याच्या चौपट आणि प्रत्येक अवलंबितासाठी एकपट या हिशेबाने आमच्या तिघांचे वर्षाला 43,200 युरो उत्पन्न दाखवावे लागते. पोलीस पडताळणीचा दाखला, विवाह व जन्म दाखल्यांचे अपोस्टील (परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणीकरण), शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर आणि खासगी आरोग्य विमा ही कामेही मार्गी लागत आहेत. म्हणजे तेथे पोहोचण्याचा रस्ता कळला आहे; पोहोचल्यावर राहायचे कसे, याविषयी मात्र मार्गदर्शन हवे आहे.

सर्वांत मोठी चिंता घराची आहे. गावाच्या जुन्या भागातील एका दगडी घराचे मालक आम्हाला पुण्यात बसूनच करार करायला सांगत आहेत. करार अकरा महिन्यांचा असेल, दोन महिन्यांचे भाडे आधी पाठवावे आणि त्या पत्त्यावर नगरपालिकेत नावनोंदणी करू नये, अशा त्यांच्या अटी आहेत. भाडे परवडणारे आहे आणि छायाचित्रांत घर फार देखणे दिसते, पण शेवटची अट मनाला खटकते. दुसरे म्हणजे मुलाला सौम्य दमा आहे. ऋतू पालटताना फवारा घ्यावा लागतो, एरवी तो खेळतो-बागडतो. अशा मुलासाठी तेथे दवाखान्याची सोय कितपत आहे? स्पॅनिशचे प्राथमिक धडे घेतलेल्या मुलाला शाळेत सामावून घेतात का? भारतातला वाहन परवाना चालतो का, की गाडीवाचूनही भागते? आणि भारतातल्या उत्पन्नावर तिकडे कर भरावा लागेल का? आम्ही शाकाहारी आहोत, पण स्वयंपाक घरीच करू, त्यामुळे तो प्रश्न दुय्यम आहे.

स्पेनच्या लहान गावात राहिलेल्या कोणी अनुभवाने सांगितल्यास फार आभारी राहीन.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

नमस्कार ताई. मी मूळची साताऱ्याची असून लग्नानंतर उबेदाला राहते. बाएझा आमच्यापासून नऊ किलोमीटरवर आहे, तेव्हा दोन्ही गावे एकाच अंगणातली समजा.

आधी मुलाच्या प्रकृतीविषयी लिहिते, कारण घराच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघेल. हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत ती फुलतात आणि त्या दिवसांत हवेतील परागकणांचे प्रमाण जगात क्वचितच कोठे असेल इतके वाढते. मे महिन्यात सकाळी गाडीच्या काचेवर बोट फिरवले तर पिवळसर भुकटी बोटाला लागते. घराघरांत डोळे चोळणारी, शिंकणारी माणसे दिसतात आणि दम्याच्या रुग्णांना हा काळ जड जातो. प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही, पण आपल्या मुलाला होतो की नाही हे पुण्यात बसून कळणार नाही, कारण हे झाड तिकडे नाही. म्हणून पुण्यातील ॲलर्जीतज्ज्ञांकडून ऑलिव्हच्या परागांची चाचणी करता येते का ते पाहा, आणि शक्य झाल्यास तिघांनी मे महिन्यातच येथे येऊन काही दिवस राहून पाहा. बहुतेक लोक ऑक्टोबरात येतात, निळे आकाश आणि रिकामे चौक पाहून भारावतात आणि तेवढ्यावर निर्णय घेतात. तुमच्या घरी दम्याचा रुग्ण असल्यामुळे मे महिना पाहिल्याशिवाय बाएझा पक्के करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्रास झालाच तर समुद्राजवळचे एखादे लहान गाव पाहता येईल. इंग्रजी फारशी न बोलणारी गावे तिकडेही आहेत.

दवाखान्याचे म्हणाल तर बाएझात सरकारी आरोग्य केंद्र आहे आणि सर्व विभाग असलेले सरकारी रुग्णालय आमच्या उबेदात आहे. अडचण अशी की तुमचा परवाना खासगी विम्यावर उभा असल्याने पहिल्या वर्षी तुम्हाला विमा कंपनीच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच जावे लागेल, आणि त्या यादीतले फुप्फुसतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ हाएन शहरात, म्हणजे जवळजवळ पन्नास किलोमीटरवर असू शकतात. विमा घेण्याआधी कंपनीकडून त्या प्रांतातील डॉक्टरांची यादी मागवा, ती तुमच्या गावापुरती वाचा आणि अर्जात मुलाचा दमा लपवू नका. एक वर्ष नोंदणीकृत वास्तव्य झाल्यावर 'कोन्वेनियो एस्पेसियाल' या योजनेतून दरमहा पैसे भरून सरकारी सेवा घेता येते. पासष्ट वर्षांखालील व्यक्तीला त्यासाठी महिन्याला 60 युरो पडतात. जिवावर बेतल्यास मात्र कशाचाही विचार न करता 112 क्रमांक फिरवायचा.

आता ते दगडी घर. कृपया पैसे पाठवू नका. नगरपालिकेतील नावनोंदणी, जिला येथे सगळे 'पाद्रोन' म्हणतात, ती तुमच्या येथील आयुष्याची पहिली पायरी आहे. शाळाप्रवेश, आरोग्य योजना, पुढे परवान्याचे नूतनीकरण, सगळीकडे तोच दाखला मागतात. जो घरमालक ती करू देत नाही, तो बहुधा भाड्याचे उत्पन्न दाखवीत नसतो किंवा उन्हाळ्यात तेच घर पर्यटकांना द्यायचे त्याच्या मनात असते. अकरा महिन्यांचा करारही त्यासाठीच असतो. कायमच्या राहत्या घराचा करार केला तर कायद्याने भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क मिळतो आणि अनामत एका महिन्याच्या भाड्याइतकी असते, अर्थात मालक त्यावर आणखी हमी मागू शकतो. शिवाय 2023 च्या गृहनिर्माण कायद्यानुसार अशा करारात दलालाचे शुल्क मालकाने द्यायचे असते. सुरुवातीचे काही आठवडे एखाद्या साध्या फ्लॅटमध्ये काढा आणि घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या. येथील कितीतरी घरे संकेतस्थळावर येतच नाहीत. गॅलरीला 'से आल्किला' म्हणजे 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागते आणि कोपऱ्यावरच्या बारमध्ये विचारले की किल्ली कोणाकडे आहे ते कळते.

जुन्या दगडी घरांविषयी आणखी एक गोष्ट. बाएझा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच आहे. जुलैत पारा चाळिशीला टेकतो, पण जानेवारीत रात्री शून्याखाली उतरतो आणि तीन फूट जाडीची भिंत एकदा गारठली की मार्चपर्यंत ऊब धरत नाही. माझ्या सासूबाई अजूनही थंडीत गोल टेबलाखाली विजेची शेगडी ठेवतात, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारे जाड कापड टाकतात आणि सगळे घर त्या कापडात पाय घालून बसते. कमरेखाली उबदार आणि पाठीला गारठा. दमेकरी मुलासाठी हे बरे नव्हे. घर पाहताना खिडक्यांना दुहेरी काच आहे का, भिंतींना ओल आहे का आणि गरम पाण्याच्या नळ्यांची उष्णता यंत्रणा आहे का, हे विचारा. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी बॉयलरमध्ये ऑलिव्हच्या कुटलेल्या बिया जाळतात. ते इंधन स्वस्त पडते आणि जवळच मिळते.

शाळेची काळजी करू नका. सहा ते सोळा वर्षांचे शिक्षण सक्तीचे व सरकारी शाळेत विनाशुल्क आहे, आणि इयत्ता सामान्यतः वयानुसार ठरते. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी आंदालुसियात 'आताल' नावाचे सहायक वर्ग चालतात, पण त्यांचे शिक्षक अनेक शाळांत फिरते असतात, त्यामुळे आठवड्यातून थोडेच तास मिळतात. प्रवेश अर्ज मार्च महिन्यात भरतात. नंतर आलात तरी जागा मिळते, फक्त हवी ती शाळा मिळेलच असे नाही. ज्या वर्षी बारा पूर्ण होतील त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुलगा माध्यमिकला जाईल, तेव्हा शक्यतो त्याआधी काही महिने प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात बसू द्या. तेथे त्याला मित्र मिळतील आणि तेच मित्र पुढच्या शाळेत सोबत असतील.

गाडीवाचून गावात चालते, गावाबाहेर नाही. हाएन आणि ग्रानादाला बस आहेत, पण रविवारी त्या कमी असतात. 'लिनारेस-बाएझा' या रेल्वे स्थानकाच्या नावावर जाऊ नका, ते बाएझा गावात नसून बरेच लांब आहे. भारताशी परवाना अदलाबदलीचा करार नसल्याने वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने तुमचा परवाना चालतो, पुढे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. तीस प्रश्नांत तीनच चुका माफ असतात आणि प्रश्न अवघड असतात, तेव्हा अभ्यास पुण्यातूनच सुरू करा.

प्रतिसाद : हिशेबनीस

ताईंच्या कराच्या प्रश्नापुरते लिहितो. मी माद्रिदमध्ये लेखापालाचे काम करतो.

एका वर्षात 183 दिवसांहून अधिक राहिलात की तुम्ही स्पेनचे करनिवासी ठरता आणि जगभरातील उत्पन्न तेथील विवरणपत्रात दाखवावे लागते. पुण्याच्या फ्लॅटचे भाडे, मुदत ठेवींचे व्याज आणि म्युच्युअल फंडांचा नफा हे सगळे त्यात आले. दोन देशांमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार 1993 मध्ये झालेला आहे, त्यामुळे भारतात भरलेल्या कराची वजावट करारातील मर्यादेत मिळते. मात्र भारतात जे करमुक्त आहे ते स्पेनमध्येही करमुक्त असेल असे गृहीत धरू नका. भविष्य निर्वाह निधीच्या व्याजाविषयी निघण्यापूर्वीच सल्ला घ्या. परदेशातील खाती, गुंतवणूक किंवा स्थावर मालमत्ता यांपैकी कोणत्याही एका गटाचे मूल्य 50,000 युरोंवर गेले तर पुढील वर्षी 31 मार्चपर्यंत 'मोदेलो 720' हे माहितीपत्र भरावे लागते, आणि पुण्यातला एखादा फ्लॅटच ती मर्यादा सहज ओलांडतो. भारतातील बचत खात्यांचे रूपांतर अनिवासी खात्यांत करण्याचे कामही बँकेत स्वतः जाऊन उरकून घ्या, दुरून ते फार रेंगाळते.

बाएझासारख्या गावात कागदपत्रांचे काम 'गेस्तोर' करतात. दरवर्षी ठरावीक शुल्क घेणारा आणि परदेशी उत्पन्नाची विवरणपत्रे भरण्याचा सराव असलेला गेस्तोर शोधा. तो गावात नसेल तर हाएन शहरात पाहा. तेथे पोहोचल्यावर एका महिन्याच्या आत परकीय ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो आणि त्याची वेळ आगाऊ घ्यावी लागते, म्हणून विमानाचे तिकीट काढले की लगेच गेस्तोरमार्फत वेळ शोधायला सुरुवात करा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ऑलिव्हच्या परागांचा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता. घरमालकांना आजच नकार कळवला. ॲलर्जीतज्ज्ञांची वेळ घेतली आहे आणि व्हिसाचा अर्ज मे महिन्याच्या भेटीनंतरच करायचा असे यजमानांशी बोलून ठरवले. कृष्णाकाठ, एकच विचारते : त्या भेटीत मुलाला त्रास झालाच तर पर्यटक म्हणून आलेल्यांनी कोठे जावे आणि सोबत काय ठेवावे?

प्रतिसाद : कृष्णाकाठ

प्रवासी विमा घेताना त्यात दम्यासारखा जुना आजार समाविष्ट आहे याची लेखी खात्री करून घ्या, कारण पुष्कळ विम्यांत तो वगळलेला असतो. नेहमीचा फवारा पुरेसा जास्त आणा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ नाव व मात्रा लिहून घ्या, कारण आपल्याकडची नावे येथील औषध दुकानात ओळखत नाहीत. मुलाच्या आजाराची माहिती अर्ध्या पानात स्पॅनिशमध्ये लिहून घ्या आणि ते पान पासपोर्टसोबत ठेवा. रात्री-अपरात्री त्रास झाला तर थेट उबेदाच्या रुग्णालयातील तातडीच्या विभागात, ज्यावर 'उर्खेन्सियास' असे लिहिलेले असते, तेथे जा. आधी उपचार होतात, बिलाचे नंतर पाहतात. राहण्याची जागा उबेदात घेतलीत तर रुग्णालय जवळ राहील आणि बाएझा दिवसा बसने पाहता येईल. तारखा ठरल्या की मला निरोप पाठवा, मी रुग्णालयात भाषेसाठी सोबत येईन.