मदत हवी आहे: बंद हंगामात गटाच्या कर्जाचा हप्ता कसा ठेवावा?

आमच्या बचत गटात १२ जणी, सगळ्यांच्या घरी छोट्या होडीची मासेमारी. बर्फाअभावी मासळी पडेल त्या भावाने विकावी लागते. उन्हाच्या दिवसांत किलोला किलोभर बर्फ हवाच, म्हणून गटातून कर्ज काढून बर्फाच्या पेट्या घ्यायचं ठरतंय.

अडचण हप्त्याची. मासळी अंडी घालते त्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा हप्ता भरायचा कशातून? हप्त्यासाठी जाळं टाका असं मी कुणालाच सांगणार नाही. अंड्यावरची मासळी गेली की पुढचा हंगामही गेला.

कुणाच्या गटाने हंगाम बघून हप्ते बांधलेत का? बंद महिन्यांत नुसतं व्याज घेता, की तेही पुढे ढकलता? वहीत नोंद कशी करता तेही सांगा. पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचाय.