मदत हवी आहे: वॉल मिक्सर बसेना, सोमवारी टाइल लागणार

विश्रामबाग_७
सांगलीत जुन्या घराचं बाथरूम उकरलंय. प्लंबर पाइप टाकून गेला. आज मिक्सर (गरम-गार पाण्याचा एकत्र नळ) लावून बघितला तर एका बाजूचे आटे धरतात, दुसरी बाजू येतच नाही. प्लंबर फोन उचलत नाही. सोमवारी सकाळी फरशीवाला येतोय, तो चुकला तर पंधरा दिवस पुन्हा मिळत नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रोज शेजाऱ्यांकडं अंघोळीला न्यावं लागतं. काय करू, लवकर सांगा.

हरिपूरकर
पाइप कसला? दोन एल्बोंच्या, म्हणजे पाइपच्या टोकाच्या काटकोनी जोडांच्या, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर किती? मिक्सरच्या खोक्यात तो एल्बोला जोडायचे दोन वाकडे लेग असतात, ते लावलेत का?

मिरज_जंक्शन
मिक्सरच काढून टाका. आमच्याकडं दोन साधे नळ आणि बादली, वीस वर्षं तक्रार नाही.

विश्रामबाग_७
बादली उचलता येत नाही म्हणूनच शॉवर करतोय हो. पाइप पिवळसर आहे, सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) म्हणाला होता. वाकडे लेग लावलेत.

हरिपूरकर
अंतर सांगा की!

विश्रामबाग_७
साडेसतरा सेंटिमीटर. उजवा एल्बो अर्धा सेंटिमीटर खाली आहे.

कुपवाड_फिटर
इथंच घोळ आहे. वॉल मिक्सरला 150 मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा इंच लागतात. लेग फिरवून थोडंफार जमतं, पण तुमचं 25 मिलिमीटर जास्त आहे. ओढूनताणून बसवाल तर नटाखालचं वॉशर तिरकं बसेल आणि गळेल. भिंत उघडी आहे तोवर उजवा एल्बो कापून नवा घ्या.

मिरज_जंक्शन
कापायला कशाला पाहिजे? ब्लोअरनं पाइप गरम करून वाकवायचा. आमच्या प्लंबरनं पाच मिनिटांत केलं होतं.

कुपवाड_फिटर
मिरजकर, असलं सांगू नका. तापवून वाकवला की बाहेरच्या वळणावर पाइप पातळ पडतो. त्यातून गिझरचं पाणी जाणार. टाइलच्या आत फुटला तर सगळं परत उकरायचं.

अजिंक्यतारा
आम्ही साताऱ्यात सोलर बसवला. टाकी किती उंच आहे तुमची? 10 मीटर उंचीला जेमतेम 1 किलो प्रेशर मिळतं. टाकी गच्चीवर ठेवून वरच्याच मजल्यावर मोठा शॉवर लावला तर नुसतं ठिबकतं.

विश्रामबाग_७
बाथरूम तळमजल्यावर आहे, टाकी गच्चीवर. प्रेशरचं नंतर बघू. एल्बो कापायचा ठरवला, मिरजेहून दुसरा माणूस उद्या येतोय. अजून काय बघून घेऊ?

हरिपूरकर
एल्बोचं तोंड आता विटेच्या बरोबर आहे की बाहेर?

विश्रामबाग_७
बरोबर विटेच्या. का?

हरिपूरकर
मग अजून एक काम वाढलं. प्लास्टर, चिकटवायचा मसाला आणि टाइल धरून अडीच सेंटिमीटर तरी जाडी वाढेल आणि तोंड आत बुडेल. ते टाइलच्या पृष्ठभागाला यायला पाहिजे. एक कापायचाच आहे तर दोन्ही पुढं घ्या. तोंड लांबवायचा एक्स्टेन्शन निपल मिळतो, पण तो एक जोड वाढवतो. आणि समोर उभं राहिल्यावर गरम डावीकडं, हे त्याला आधी सांगा.

कुपवाड_फिटर
नुसत्या टेपनं मोजू नका. मिक्सरच दोन्ही एल्बोंना तात्पुरता लावा, वर पाणसळ ठेवा आणि मगच सिमेंटनं पक्कं करा. पितळी आट्याचा एल्बो वापरा, प्लास्टिकचे आटे पिळताना चिरतात. टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेनंच गुंडाळा.

नवी_सून_सांगली
टाइल मॅट घ्या हो, आईंचा पाय घसरेल चकचकीत टाइलवर.

विश्रामबाग_७
मॅटच आहेत, धन्यवाद. एल्बो झाले, मिक्सर सरळ बसला! जोड गळतात का तपासायचा प्रेशर पंप मात्र रविवारी कुठंच भाड्यानं मिळाला नाही.

कुपवाड_फिटर
सॉल्व्हंटनं (पाइप चिकटवायच्या द्रावणानं) केलेले जोड पुरते वाळू द्या. डब्यावर वेळ लिहिलेली असते. मग दोन्ही तोंडांना प्लग लावून टाकीचं पाणी रात्रभर सोडून ठेवा. सकाळी फरशीवाल्याच्या आधी उठून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर त्याला दारातच थांबवा.