मदत हवी आहे: डिस्क अर्धी रिकामी, तरी पोस्टग्रेस म्हणतो जागा नाही (डॉकर)

धारोष्ण

नमस्कार मंडळी,

एका दूध संस्थेचं संकलन आणि बिलांचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस, डॉकर कंपोझवर (म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या बंदिस्त डब्यात) चालतो. उबुंटूचं एकच मशीन, ८ जीबी रॅम, २०० जीबी डिस्क. सकाळ-संध्याकाळच्या पाळीच्या नोंदी, लिटर, फॅट, एसएनएफ, रोजचं सगळं बिनबोभाट चालतं. दहा दिवसांची बिलं काढायला गेलं की मात्र हे येतं:

एरर: कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट "/पोस्टग्रेएसक्यूएल.२०४…" टू ३३५५४४३२ बाइट्स: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस

आतापर्यंत केलेले उद्योग: डीएफ -एच मारून पाहिलं, डिस्क ५७ टक्के भरली आहे. डीएफ -आय पण पाहिलं, आयनोड (फाइलींच्या नोंदींची जागा) ९ टक्के. जुन्या इमेजेस आणि बिल्ड कॅशे काढून ३८ जीबी मोकळे केले. एरर जशीच्या तशी. मालकांना "डिस्क मोठी घ्या" म्हणून सांगून बसलोय आणि आता मलाच खात्री नाही.

बिलं उद्या सकाळपर्यंत निघाली नाहीत तर संस्थेच्या दारात गवळी उभे राहतील. जाणकारांनी कृपया सांगा. मी मुळात पीएचपीवाला आहे, डेटाबेस गळ्यात पडलाय.

घाटावरचा

डॉकर सिस्टीम प्रून -ए, आणि त्याला --व्हॉल्यूम्स लावा. भरपूर जागा होते. मी तर क्रॉनलाच टाकून दिलंय, ठरल्या वेळी आपोआप चालतं.

रात्रपाळी

धारोष्ण, वरचं अजिबात करू नका, निदान --व्हॉल्यूम्स तरी लावू नका. डेटाबेसचा कंटेनर त्या क्षणी बंद पडलेला असेल, तर प्रून आधी तो कंटेनर उडवतं आणि मग त्याचा व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) "कोणी वापरत नाही" म्हणून मोजतं. डॉकर २३ पासून ते फक्त बिननावाच्या व्हॉल्यूमना हात लावतं, त्याआधीच्या आवृत्त्या नाव दिलेले व्हॉल्यूमही साफ करतात. घाटावरचा, तुमची आवृत्ती कुठली ते आजच बघा.

आता एररकडे. शेवटचे पाच शब्द सगळ्यांना दिसतात, पण खरी माहिती त्याआधी असते: कोणत्या फाइलला जागा मिळाली नाही? पीजी_वॉलचं नाव असतं तर वॉल (बदलांची नोंदवही) साठलंय म्हटलं असतं, बहुतेक वेळा एखादा विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या प्रतीसाठी नोंदी राखणारा) ते धरून बसलेला असतो. पीजीएसक्यूएल_टीएमपी असतं तर मोठा सॉर्ट डिस्कवर सांडतोय. तुमच्या एररमध्ये शेअर्ड मेमरी सेगमेंट आहे. म्हणजे तुमच्या २०० जीबीचा इथे संबंधच नाही.

तीन गोष्टी सांगा. कंटेनरच्या *आत* शिरून डीएफ -एच मारा आणि /डेव्ह/एसएचएमची ओळ इथे द्या. लॉगमध्ये एररच्या आसपास "पॅरलल वर्कर" असं काही आहे का? आणि हे सुरू होण्याआधी काय बदललं होतं?

धारोष्ण

ताई, तत्पर उत्तराबद्दल आभार. आतली ओळ: एसएचएम, साइझ ६४ एमबी, वापर १ टक्का. ही मी पाहिली होती, पण १ टक्का बघून सोडून दिली. लॉगमध्ये कॉन्टेक्स्ट: पॅरलल वर्कर आहे. बदललं काहीच नाही.

रात्रपाळी

१ टक्का दिसणारच. क्वेरी पडली की तिने घेतलेली जागा लगेच परत जाते, मग तुम्ही जाऊन बघता तेव्हा घर रिकामं. एका खिडकीत बिलांची क्वेरी चालवा आणि दुसऱ्या खिडकीत वॉच लावून तीच ओळ बघत बसा.

होतंय काय, तर पोस्टग्रेस एक मोठी क्वेरी दोन-तीन प्रोसेसमध्ये वाटतो. त्यांना एकमेकांत डेटा वाटून घ्यायला सामाईक मेमरी लागते, आणि लिनक्सवर ती /डेव्ह/एसएचएममध्ये फाइल म्हणून उघडली जाते. ही रॅममधली फाइल सिस्टीम. डॉकर प्रत्येक कंटेनरला ती फक्त ६४ एमबीची देतं, मशीनला कितीही रॅम असो. ती भरली की कर्नल "जागा नाही" हाच निरोप देतो, डिस्क भरल्यावर देतो तोच. पोस्टग्रेसही बिचारा तो डिस्क फुल म्हणूनच नोंदवतो.

रोजच्या नोंदींना पॅरलल प्लॅन लागत नाही, म्हणून त्या सुखाने चालतात.

आज रात्रीपुरतं: बिलांच्या सेशनमध्ये आधी सेट मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर = ० द्या. क्वेरी एकटीच चालेल, वेळ लागेल, पण पूर्ण होईल. पडलेल्या क्वेरीने डेटा बिघडलेला नाही, ती चिंता नको.

आणि "काहीच बदललं नाही" हे वाक्य मी रोज ऐकते. वर्क_मेम (सॉर्ट, हॅशसारख्या एकेका कामाला मिळणारी मेमरी) किती आहे?

पाटावरवंटा

शेअर्ड_बफर्स कमी करून बघा की. शेअर्ड मेमरी म्हणतंय ना.

रात्रपाळी

नाही हो. शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसची डेटा कॅशे) वेगळ्या वाटेने घेतले जातात, ९.३ पासून ते या ६४ एमबीत बसतच नाहीत. नुसता बफर डिफॉल्टलाच १२८ एमबी असतो, यातून जात असता तर डॉकरमध्ये पोस्टग्रेस सुरूच झाला नसता.

धारोष्ण

बिलं निघाली!! एरवी ३ मिनिटं लागायची, आज ११ लागली, पण निघाली. रात्रीचे पावणेबारा वाजलेत.

आता कबुली. वर्क_मेम ६४ एमबी आहे. गेल्या महिन्यात एक रिपोर्ट हळू चालत होता, तेव्हा कुठेतरी वाचून मीच ४ चे ६४ केले होते. पूर्ण विसरलो होतो.

रात्रपाळी

मिळाला चोर. पॅरलल हॅश जॉइनमध्ये (दोन टेबलं जोडायची एक पद्धत) सगळे वर्कर मिळून एकच हॅश टेबल बांधतात आणि प्रत्येकाचा वाटा त्यात धरला जातो. २ वर्कर अधिक मुख्य प्रोसेस, म्हणजे ३. हॅश_मेम_मल्टिप्लायर (हॅशला वर्क_मेमच्या किती पट मेमरी मिळते ते) आवृत्ती १५ पासून २ आहे. आधी ४ × २ × ३ = २४ एमबी, ६४ मध्ये आरामात. आता ६४ × २ × ३ = ३८४ एमबीपर्यंत मुभा. मुभा तुम्ही दिलीत, जागा डॉकरने दिली नाही.

कायमचा उपाय: कंपोझ फाइलमध्ये डेटाबेसच्या सर्व्हिसखाली एसएचएम_साइझ: १जीबी. ही कमाल मर्यादा आहे, तेवढी रॅम लगेच अडकून पडत नाही. मात्र जितकी वापरली जाईल ती कंटेनरच्या मेमरीतच मोजली जाते, तेव्हा मेमरी लिमिट लावलं असेल तर त्याचाही हिशोब ठेवा.

धारोष्ण

टाकलं, डॉकर कंपोझ रीस्टार्ट केलं. अजून ६४ च दाखवतंय. :(

रात्रपाळी

रीस्टार्टने जुनाच कंटेनर उठतो, तो कंपोझ फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. अप -डी द्या, म्हणजे नवा कंटेनर बनेल. आणि ती ओळ बिल्डच्या आत तर नाही ना टाकली? तिथेही एसएचएम_साइझ चालतं, पण ते फक्त इमेज बांधतानापुरतं.

धारोष्ण

बिल्डच्या आतच टाकली होती. 🙈 नवा कंटेनर म्हणजे डेटा जाणार नाही ना?

रात्रपाळी

डेटा डिरेक्टरी नाव दिलेल्या व्हॉल्यूमवर असेल तर जात नाही. डॉकर इन्स्पेक्टमध्ये माउंट्स बघून खात्री करा, आणि तरीही आधी पीजी_डंप (डेटाबेसचा बॅकअप) घ्या. डाऊन -व्ही मात्र चुकूनही नको, त्यातला व्ही व्हॉल्यूम पुसतो.

धारोष्ण

डंप घेतला, ओळ बाहेर काढली, अप -डी. आत १ जीबी दिसतंय. मागच्या दहा दिवसांची बिलं पॅरलल चालू ठेवून पुन्हा काढून पाहिली: ३ मिनिटांच्या आत. वॉचमध्ये वापर २१० एमबीपर्यंत चढला आणि क्वेरी संपताच खाली आला. ताई, एका दूध संस्थेचा चहा तुमच्या नावावर. मालकांना डिस्क घेऊ नका म्हणून आत्ताच फोन केला.

घाटावरचा

माझं डॉकर २० निघालं. क्रॉनमधून ती ओळ काढली.

पाटावरवंटा

आमच्याकडे हेच कुबरनेटीसवर (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) आहे. पॉडमध्ये (तिथला कंटेनरांचा गट) एसएचएम_साइझ कुठे लिहायचं?

रात्रपाळी

तिथे ते नाही. एम्प्टीडिर प्रकारचा व्हॉल्यूम घ्या, मीडियम मेमरी ठेवा, साइझ लिमिट द्या आणि तो /डेव्ह/एसएचएमवर माउंट करा. तिथेही वापर पॉडच्या मेमरीतच धरला जातो. बाकी काही अडलं तर नवा धागा काढा, मी झोपते आता.