मदत हवी आहे: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नंतर पुढे काय करू?

नमस्कार ताई-दादांनो. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, जीएनएम होऊन सहा वर्षं झाली.

मागच्या महिन्यात नाईटला रावेरकडचे एक बाबा होते, केळीच्या बागेत काम करणारे. चार्टवर मिनिटाला श्वास १८. (आमच्याकडे न मोजताच सगळ्यांचा १८ लिहितात!) बाबा म्हणाले, "बेटा, दम लागस." मी घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजला, २८ भरला. मोठ्या माणसाचा १२ ते २० हवा. लगेच सरांना फोन केला, ऑक्सिजन सुरू झाला. न्यूमोनिया निघाला. बाबा चालत घरी गेले.

तेव्हापासून वाटतंय, नीट शिकायला हवं. पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएम नंतरची नर्सिंगची डिग्री) दोन वर्षांचं, नोकरी सोडावी लागेल आणि घर माझ्या पगारावर आहे. क्रिटिकल केअरचा (गंभीर पेशंटच्या देखभालीचा) डिप्लोमा एक वर्षाचा. आयसीयूच्या कामात खरा उपयोग कशाचा होतो? धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कुणी केलंय का?

आणि अजून एक. ड्युटी बदलताना बेडजवळ उभं राहून हँडओव्हर (पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती) द्यायची सवय वॉर्डात लावायची आहे. सीनियर सिस्टरांना न दुखावता सुरुवात कशी करू?